भरतीसाठी सोडलेला दोर

गणपत,

पोलादपूरला नदीकाठी तुला अग्नी दिल्यानंतर तुझ्या भावकीतल्या एका गृहस्थांनी मला विचारले, "आपण कोण?" पाऊस भुरभुरत होता आणि मी छत्री मिटून उभा होतो, कारण सगळे भिजत असताना आपण एकट्याने छत्री धरावी हे मला बरे दिसेना. "आम्ही एका वर्गात होतो," मी म्हणालो. "अस्सं," म्हणून ते गृहस्थ पुढे गेले.

उत्तर खोटे नव्हते. पण एसटीने महाडला परतताना, काचेवरून ओघळणारे पाणी पाहत, मी त्या प्रश्नाची आणखी पाच-सहा उत्तरे तयार केली. त्यांतले एकही मला मोठ्याने म्हणता आले नसते. तुझ्या दहाव्याला मी आलो नाही, त्याचे कारण एवढेच. पुन्हा कुणी विचारले तर काय सांगायचे, हे माझे ठरले नव्हते.

तू मला याहून सोपा प्रश्न विचारला होतास. होळीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर, चहात बिस्कीट बुडवता बुडवता. "मास्तर, दासगावपासनं बाणकोटपर्यंत. खाडीनं. शीड लावून, सावकाश. चार दिवस लागू देत नायतर आठ. येतोस का?" होय किंवा नाही, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, "पाहू." पुढे उन्हाळा कडक निघाला, मग माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, मग पाऊस लागला. दर वेळी तू विचारलेस आणि दर वेळी मी तोच शब्द पुढे केला. शेवटी म्हणालो, "गणपती झाले की नक्की सांगतो." गणपतीला आठ दिवस राहिले असताना तू गेलास. ते उत्तर माझ्याकडेच राहिले.

लिहिण्याची मला सवय नाही. माझे आयुष्य फळ्यावर गेले, आणि तेथे लिहिलेले तास संपला की पुसले जायचे. तरीही हे लिहितो आहे. तुझ्यासमोर बसून बोलण्यात मी कायम मागे पडत असे, निदान कागदावर तू मध्येच हसणार नाहीस.

आपले सगळे उलटेच झाले, नाही का? तू आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाच्या वाडीतला; आठवीत महाडच्या शाळेत येईपर्यंत तू ओढ्याहून मोठे पाणी पाहिले नव्हतेस. मी दासगावचा. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसायची, आणि पाणी चढले की उतरले हे मला आईच्या भांड्यांच्या आवाजावरून कळायचे, कारण ओहोटीला ती भांडी घासायला दोन पायऱ्या खाली जाई. आपल्या दोघांपैकी एक जण समुद्रावर जाईल असे कुणी भाकीत केले असते, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले असते. तू अठराव्या वर्षी मुंबईला गेलास आणि जहाजावर चढलास. मी भूगोलाचा शिक्षक झालो, आणि तू जी बंदरे पाहत होतास ती मुलांना नकाशात भरायला सांगू लागलो.

मोठ्या जहाजांवरची तुझी वर्षे मला फारशी ठाऊक नाहीत. तू त्यांबद्दल बोलायचा नाहीस. ग्रीसच्या त्या शिडाच्या बोटीबद्दल मात्र बोलायचास. एका डच म्हाताऱ्या जोडप्याची ती बोट. वर्षातले सहा महिने ती दोघे बेटाबेटांतून फिरत आणि तू बोट सांभाळायचास. सहा महिने तिकडे आणि सहा महिने पोलादपूर, अशी तुझी अकरा वर्षे गेली. मग मालकीणबाई वारल्या आणि मालकांना एकट्याने बोटीवर पाय ठेववेना. त्यांनी तुला कळवले की या मोसमाच्या अखेरीस बोट विकायची, तोवर ती पाण्यात चालती ठेव, आणि हवे तर कुणाला सोबत घे. तू मला सोबत घेतलेस. मी त्याही वेळी "पाहू" म्हणालो होतो, पण तू माझ्या पासपोर्टचा अर्ज स्वतः भरून आणलास आणि म्हणालास, "सही कर. पाह्यचं काम मी करतो."

वयाच्या बासष्टाव्या वर्षी, गेल्या वर्षीच्या भाद्रपदात, मी प्रथम शिडाच्या बोटीवर चढलो. सुमारे पाच आठवडे आपण तेथे होतो. हे आठवडे मला कुणालाच सांगता आलेले नाहीत. महाडात लोक विचारतात, "काय काय पाहिलंत?" आणि मला सांगण्यासारखे स्थळ आठवत नाही. आपण काही पाहिलेच नाही. आपण राहिलो.

तुझा नियम असा होता की दिवसातून चार तासांपेक्षा अधिक शीड उघडे ठेवायचे नाही. सकाळी नांगर उचलायचा, दुपारी दुसऱ्या कुठल्या तरी बेटाच्या कुशीत टाकायचा, आणि मग जमिनीवर जाऊन काहीही करायचे नाही. पहिला आठवडाभर मला ते अवघड गेले. मी वही काढून बेटांची उंची, खडक, वाऱ्याची दिशा अशी टिपणे करू लागलो. तू वही पाहिलीस आणि विचारलेस, "परीक्षा कधी हाय?" त्यानंतर मी ती बंद केली. आपण धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसायचो. तेथे आपल्याच वयाचे म्हातारे एका कपावर दोन-दोन तास काढत, हातात मण्यांची माळ फिरवत. जप नव्हे, नुसती फिरवत. तू त्यांच्यात मिसळून जायचास. तुला त्यांची भाषा कामापुरती यायची, पण तुम्ही बोलत नव्हताच. मी त्या शांततेत अवघडून बसायचो आणि तू मला म्हणायचास, "मास्तर, वर्ग नाय हा. गप बसलं तरी चालतंय."

एक दुपार मला फार स्पष्ट आठवते. दुकाने मिटलेली, गल्ल्यांत मांजरांखेरीज कुणी नाही, आणि आपण टेकडीवर चढत होतो. उतारावर दगडी बांध घातलेले होते, थेट तुमच्या वाडीच्या वरकस जमिनीसारखे. फक्त त्यांच्यामागे मातीऐवजी धूळ आणि काटेरी झुडपे. वरून शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या. तू थांबलास, मान वाकडी केलीस. "त्यातली एक गाभण हाय. चालीत जड वाजतेय बघ." मी हसलो. वळणावर शेळ्या आल्या, आणि सर्वांत मागून पोट सांभाळत एक आली. तिची मालकीण काळ्या कपड्यांतली म्हातारी होती. ती अंजिरे आणि चीज विकायची. तू तिच्याशी तुझ्या वाडीच्या बोलीत बोलायला लागलास. "बाय गो, ह्यो नको, त्यो दे. हां. आनि ही कवा व्यायची?" ती तिच्या भाषेत काही तरी म्हणाली आणि चार बोटे दाखवली. खाली उतरताना तू दोनदा म्हणालास, "चार दिवस. मी तीन धरले होते." त्या दिवशी बोटीवर तू पोलादपूरहून नेलेल्या नाचणीच्या पिठाची भाकरी केलीस, आणि आपण ती त्या चीजसोबत खाल्ली. बेताचीच लागली. तू म्हणालास, "ठेचा पायजे होता," आणि दोघेही बराच वेळ पाण्याकडे पाहत बसलो.

आता दोराचे सांगतो. ते तुला ठाऊक आहे, पण मला नीट क्रमाने सांगायचे आहे.

तिकडे धक्क्याला बोट पाठमोरी लावतात. पुढून नांगर टाकायचा, मागे सरकत यायचे आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरून दोन दोर धक्क्याच्या कड्यांना घट्ट बांधायचे. मग बोटीवरून धक्क्यावर एक फळी टाकायची; तीच आपली येण्याजाण्याची वाट. नाक्सोसजवळच्या एका छोट्या बेटावर तू दोर बांधून पाव आणि टोमॅटो आणायला गेलास. मी एकटा होतो. माझ्या पिशवीत महाडहून नेलेली छोटी दिनदर्शिका होती. ती चाळताना माझ्या लक्षात आले की दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आहे. विषुवदिनाच्या जवळची अमावास्या, म्हणजे वर्षातले मोठे उधाण. पाणी चांगलेच चढणार आणि तितकेच उतरणार, आणि तू तर दोर ताणून बांधले होतेस. पाणी उतरले की बोट दोरांना लोंबकळेल, अशी मला धास्ती वाटली. मी दोन्ही दोर हळूहळू सैल केले, प्रत्येकी दोन-अडीच हात, अगदी जबाबदारीने. दासगावात प्रत्येक होडी तशीच बांधतात.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. हे मी एकतीस वर्षे शिकवले. उत्तरपत्रिकेत कुणी ते लिहिले नाही तर मी अर्धा गुण कापत असे. पण त्या क्षणी माझे डोके महाडच्या शाळेत होते आणि हात दासगावात.

दोर सैल पडले तशी नांगराच्या साखळीने बोट धक्क्यापासून दूर ओढली. फळीचे टोक धक्क्याच्या काठावर जेमतेम टेकून राहिले. तू दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलास आणि सवयीने, खाली न पाहता, फळीवर पाय ठेवलास. फळी सरकली. तू बोटीच्या कठड्याला लोंबकळलास, एक पाय पाण्यात, दातांत पावाची पिशवी, आणि टोमॅटो सगळ्या बंदरभर तरंगू लागले. शेजारच्या बोटीवरच्या बाईंनी मासे काढायच्या जाळीने ते एकेक करून वेचून दिले. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनी माळा फिरवायच्या थांबवल्या होत्या.

वर आल्यावर तू दोर पाहिलेस. "ह्ये कुणी केलं?"

"मी."

"कशाला रे?"

"उद्या अमावास्या आहे," मी म्हणालो. "भरती-ओहोटीसाठी जागा ठेवली."

तू ओल्या पँटसकट धक्क्यावर जाऊन बसलास आणि इतका हसलास की त्या म्हाताऱ्यांनाही हसू आले. त्यानंतर दररोज सकाळी तू डोके बाहेर काढून विचारायचास, "मास्तर, आली का भरती?" मी म्हणायचो, "वाट पाहतो आहे." ते आपले सकाळचे बोलणे झाले. महाडला आता सकाळी पहिल्या पाळीच्या कामगारांच्या गाड्या बिरवाडीकडे जाताना ऐकू येतात, त्यांच्या आवाजाने मी उठतो, आणि अजूनही क्षणभर त्या प्रश्नासाठी थांबतो. माझ्या घरात माझ्याखेरीज बोलणारे कुणी नाही, हे तुला ठाऊक आहे. ते पूर्वीही नव्हते. पण पूर्वी मी कशासाठी थांबत नसे.

हसण्यावारी गेलेली ती गोष्ट शेवटच्या आठवड्यात भांडणात आली. बोटीला गिऱ्हाईक मिळाल्याचा मालकांचा फोन आला, आणि त्याच दिवशी जाळीने टोमॅटो वेचणाऱ्या त्या जर्मन बाईंनी तुला विचारले की पुढच्या उन्हाळ्यापासून तू त्यांची बोट सांभाळशील का. सहा महिने इकडे, सहा महिने घरी, पूर्वीसारखेच. तुझा चेहरा उजळला होता. तू माझा सल्ला विचारलास. मी म्हणालो, "घाई करू नये. सगळ्या बाजूंनी विचार करून पाहावं."

तू भडकलास. "तुला कायबी विचारलं की दोर सैल सोडतोस. लग्नाचं विचारलं तवा पाहू, हेडमास्तर करतो म्हनले तवा पाहू. इथं पाणी चढत नाय, मास्तर. साठ वर्षं झाली, कशाची वाट बघतोयस?"

मी सहसा उत्तर देत नाही. त्या दिवशी दिले. शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण इतकी सरळ वाक्ये मी आयुष्यात फार थोडी बोललो आहे. मी म्हणालो, "तू घट्ट बांधून निघून जातोस आणि मागे वळून पाहत नाहीस. पस्तीस वर्षं दोर वहिनींनी सैल ठेवला, म्हणून तुझं घर तुटलं नाही. हो म्हणायचं तर त्यांना विचारून म्हण."

अकरा मीटरच्या बोटीवर दोन माणसांनी दोन दिवस न बोलता राहणे म्हणजे काय, हे तिथे राहिल्याखेरीज कळणार नाही. चहाचा कप माझ्यासमोर यायचा, पण तू त्याच्यासोबत यायचा नाहीस. जमिनीवर आपण दोन वेगळ्या दुकानांत बसलो. मी त्या म्हाताऱ्यांपैकी एकासमोर बसून होतो. तो माळ फिरवत होता, आणि पहिल्यांदाच मला शांत बसणे जमत होते, कारण सांगण्यासारखे सगळे मी चुकीच्या वेळी सांगून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी वारा उठला. दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात बोट एका कुशीवर झुकली, शिडाचे कापड थरथरू लागले. तू सुकाणू माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, "धर." एवढेच. मी दोन तास धरले. माझे हात सुजले, चष्मा मिठाने पांढरा झाला, आणि तू पुढे शिडाशी, माझ्याकडे पाठ करून उभा राहिलास. तू एकदाही वळून पाहिले नाहीस. तो विश्वास होता की राग, हे मी त्या वेळी ठरवू शकलो नाही. बंदरात शिरल्यावर तू मागचे दोर माझ्याकडे फेकलेस आणि म्हणालास, "घट्ट बांध." मी बांधले, दोन वेढे आणि वर दोन गाठी. तू ओढून पाहिलेस आणि चहा ठेवायला खाली गेलास.

निघायच्या दिवशी तू गिऱ्हाइकाला बोटीची किल्ली दिलीस, हात एकदा त्या कठड्यावरून फिरवलास. विमानतळाच्या बसमध्ये मी धीर करून विचारले, "त्या बाईंना काय सांगितलंस?" तू खिडकीबाहेर पाहत म्हणालास, "पाहू." माझाच शब्द. पुढे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. दिवाळी गेली, उन्हाळा आला आणि तू गेला नाहीस, तेव्हा मला कळले की तू त्यांना नाही म्हणाला होतास.

त्यानंतरच्या दहा महिन्यांत मी तुला एक गोष्ट विचारायची टाळली. तू माझ्या बोलण्यामुळे परत आलास का? उत्तर होकारार्थी आले असते तर तुझा समुद्र मी काढून घेतला असे झाले असते, आणि नकारार्थी आले असते तर माझे एकमेव सरळ वाक्य वाया गेले असे झाले असते. तू मात्र दासगावच्या पांडूतात्याकडे पडलेली जुनी होडी दुरुस्त करत होतास, तिच्यावर डोलकाठी उभी करत होतास, आणि दर पंधरा दिवसांनी मला विचारत होतास, "येतोस का?" मला वाटायचे, मी हो म्हणालो तर खाडीत, चार दिवस, आपण दोघेच असताना ते बोलणे निघेल. खरे सांगतो, गणपत, ऊन, डोळा आणि पाऊस ही कारणे नव्हती. मी घाबरत होतो.

दसरा झाल्यावर मी पोलादपूरला गेलो. घरात गर्दी नव्हती. सुमन वहिनींनी चहा केला आणि समोर बसल्या.

"दहाव्याला आला नाय तुमी."

"नाही आलो. चुकलं."

"त्यांना म्हायती असेल," त्या म्हणाल्या. "त्ये म्हनायचे, मास्तर येनार, पन सगळे गेल्यावर."

मग माझ्या तोंडून तो प्रश्न निघून गेला, जो मी तुला विचारला नव्हता. "मी बी इचारलं होतं. मी म्हनलं, मास्तर बोलले म्हनून नको म्हनलात काय? तर म्हनले, तसं नाय. म्हनले, मास्तर जन्मात पयल्यांदा काय तरी सरळ बोलला, त्ये वाया कशाला घालवू." त्या पदराने हसू पुसल्यासारखे करून पुढे म्हणाल्या, "दहा महिने एकसारखे घरात होते, भावोजी. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा. मागची कौलं बदलली. रोज चहात साखर जास्त म्हनून भांडले. मला पुरलं नाय, पन मिळालं तर."

वहिनींनी आतून एक गाठोडे आणले. त्यात होडीसाठीचे शीड होते, त्या डच बोटीच्या टाकून दिलेल्या शिडाच्या कापडातून बेतलेले, वहिनींच्या मशिनवर शिवलेले. कडेची शिवण वाकडी गेली होती, म्हणजे ती तू घातली असणार. त्याच्यासोबत निळ्या धाग्याचा दोर, मी त्या बोटीवर सैल सोडला होता तोच. वहिनी म्हणाल्या, "त्या होडीत दोगं बसून कुठं जानार होता, देव जाने. एक फळी कुजलीय, मला ठावं हाय. पांडूतात्याला आधी बघायला सांगा." मी गाठोडे मांडीवर घेऊन एसटीत बसलो. पूर्ण रस्ताभर ते मांडीवरच होते.

पांडूतात्याने फळी बदलली. आज पहाटे, भरतीच्या अखेरच्या पाण्याबरोबर, आम्ही दोघे होडीतून महाडच्या दिशेने थोडे वर गेलो आणि ओहोटीबरोबर परतलो. वारा जेमतेम होता, पण शीड भरले. पांडूतात्याने ते डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाला, "गनपतनं बेस केलंय." दहाच्या सुमारास आम्ही धक्क्याला लागलो. पांडूतात्या वल्ही घेऊन पुढे गेला, आणि होडी बांधायचे काम माझ्याकडे आले.

मी ती त्या निळ्या दोराने घट्ट बांधली. दोन वेढे, वर दोन गाठी, आणि ओढून पाहिले, तू पाहायचास तसे. मला फार समाधान वाटले. मी मनात म्हणालोसुद्धा, "बघ, गणपत, एक बोटभरही सैल नाही." मग मी नाक्यावर जाऊन चहा घेतला, वर्तमानपत्र वाचले, दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोललो. बाराच्या पुढे धक्क्यावर परतलो तेव्हा पाणी पुरुषभर खाली गेले होते. होडीचे नाक वर, धक्क्याच्या कड्याला लटकलेले, आणि शेपटाकडचा भाग चिखलात. खुंटीला टोपी अडकवावी तशी ती दिसत होती.

पांडूतात्या कमरेवर हात ठेवून उभा होता. "मास्तर, तुमचा जन्म दासगावचा ना?"

"हो."

"मंग ह्ये बांधायला कुठं शिकलात?"

"ग्रीसमध्ये," मी म्हणालो.

चिखलात उतरून त्याने होडीखाली दोन ओंडके सरकवले, आणि दोर कापायला कोयता काढला, कारण ताणाने गाठ आवळून दगड झाली होती. मी त्याचा हात धरला. म्हणालो, हा दोर कापायचा नाही, पाणी आले की गाठ सुटेल. "चार तास लागतील," तो म्हणाला. "उन्हात बसनार?" मी म्हणालो, "बसतो." तो मला टोपी देऊन जेवायला गेला.

मी धक्क्यावर बसलो. पाय खाली सोडून, हातात काही न घेता. चिखलात खेकडे फिरत होते, समोरच्या काठावर कापलेल्या भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या. अशा किती दुपारी आपण काही न करता बसलो, आणि मी किती वेळा घड्याळ पाहिले. आज पाहिले नाही. कितीतरी वेळाने चिखलावर पाण्याची पातळ जीभ आली, ओंडक्यांभोवती फिरली, मग होडीच्या शेपटाखाली शिरली. होडी एकदा करकरली. तुझे हसणे ऐकू येईल असे मला वाटले होते. नाही आले. पाणी मात्र येत राहिले. साडेचारच्या सुमारास दोर ढिला पडला, गाठ माझ्या हाताने सुटली, आणि मी तो पुन्हा बांधला. दोन हात सैल, येथे बांधतात तसा.

औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटली होती. एक मोटारसायकलवाला धक्क्याशी थांबला, शिडाकडे पाहत राहिला. अशी होडी त्याने येथे पाहिली नसावी.

"काका, कोनाची हो होडी?"

"आमची," मी म्हणालो.

"आमची म्हंजे?"

"गणपतची आणि माझी. उद्या बाणकोटला निघालो आहोत."

त्याने मान हलवली आणि गाडी चालू केली. पाणी अजून चढत होते.